तेरावी बॅटरी

सावेतामावशीने फोनवर आधी हवापाणी विचारलं, मग तिबेरिऊच्या बायकोचा, ऑरिकाचा गुडघा विचारला, आणि मग येत्या शनिवारी मयताचं जेवण आहे, तर तू यायचंस, असं त्याला सांगितलं.

"कोण गेलं, मावशी?"

"कोणी नाही रे. माझंच आहे."

त्यांच्या डोंगरात यात नवल काही नव्हतं. मागे राहणाऱ्यांवर ज्यांचा भरवसा नसतो, ते आपलं जेवण जिवंतपणीच उरकून घेतात. भात कच्चा राहिला की नाही, मेलेल्याच्या नावाने दानात वाटायचे चिनीमातीचे मग चांगले आणले की तडकलेले, हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. मावशीचे दोन्ही मुलगे इटलीत फरशा बसवत होते. त्यांच्या हातचा भात कसा होईल हे ती ओळखून होती.

"पण जेवणासाठी नाही बोलावलं तुला," मावशी म्हणाली. "मला पहाटेचं गाणं कोण म्हणणार? लीना गेली, राडा गेली, तिसरी स्पेनमध्ये म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. गाणारी मी एकटीच उरले. माझं मलाच म्हणायला लागणार. तू ते भरून घे आणि मला नेतील त्या सकाळी लाव."

पहाटेचं गाणं फक्त मेलेल्यासाठी म्हणतात. उगाच म्हटलं तर मरण दाराशी येऊन 'मला कोणी हाक मारली?' विचारतं. म्हणून ते कधी कोणाला भरून घेता आलं नव्हतं. पण मावशीने तोड काढली होती. जिवंतपणीच्या जेवणाला माणूस मेलेला धरतात. म्हणजे शनिवारी सकाळपासून देवळात बाराची घंटा होईपर्यंत ती रीतसर मेलेली असणार होती. तेवढ्या वेळात, कबरस्तानात, तिच्या स्वतःच्या क्रुसापाशी उभं राहून ती ते म्हणणार होती. एकदा. बाराला जिवंत झाली की पुन्हा नाही.

"आणि तो फोन आणू नकोस हं. फोनमध्ये माझा आवाज डब्यात कोंडलेल्या शेळीसारखा येतो. तुझा तो जुना कान आण. माझं लग्नाचं गाणं घेतलंस ना तरुणपणी, तो."

जुना कान म्हणजे व्हॉल्व्हचा, जुन्या रेडिओत असायची तसली तापणारी काचनळी पोटात असलेला मायक्रोफोन. बाटलीएवढा, जड, डोक्यावर जाळी. तिबेरिऊ रेडिओ केंद्रावर चौतीस वर्षं आवाज भरून घेत होता, त्यातली पहिली दहा वर्षं याच मायक्रोफोनसमोर गेली. निवृत्तीनंतर कोणी त्याला काही भरून घ्यायला सांगितलं नव्हतं. ऑरिका सांगायची ती बरण्या भरायला. तेव्हा तो "येतो मावशी" म्हणाला, आणि म्हणून मोकळा झाल्यावर त्याला आठवलं की मायक्रोफोन असला तरी त्याला वीज देणारी पेटी नाही.

मायक्रोफोन त्याच्याकडे कसा आला तेही सांगायला हवं. केंद्राने जुनं सामान मोडीत काढलं, तेव्हा तीन जणांच्या समितीने 'हे यंत्र चालत नाही आणि चालणार नाही' अशी सही केली. तिबेरिऊ त्या समितीत होता. सही करताना त्याला आईला वृद्धाश्रमात सोडल्यासारखं झालं, आणि त्याने ते 'अर्धा किलो धातू' वजनावर विकत घेतलं. पेटी मात्र त्याच्या आधीच्या गाडीत भंगारात गेली होती.

व्हॉल्व्हला दोन जेवणं लागतात. पोटात ऊब राहायला सहा व्होल्ट, आणि गाण्यासाठी वर शंभर-सव्वाशे. घरी भिंतीत वीज असते, पण कबरस्तानात भिंतीही नसतात. आणि ज्यांच्यासाठी ते बांधलंय त्यांनी कधी विजेची तक्रार केलेली नाही.

खालच्या मजल्यावरच्या किरिलाला जिन्यातच बातमी लागली. किरिला रेल्वेच्या कारखान्यात इंजिनांची वीज बघायचा, त्यामुळे इंजिनाहून लहान कोणतीही गोष्ट त्याला किरकोळ वाटे.

"तिबी, यात डोकं काय लावायचं? माझ्या गाडीची बॅटरी घे. तिच्यापासून घरची वीज करणारा डबा माझ्याकडे आहे. घरात टीव्ही चालतो त्यावर!"

लावलं. मायक्रोफोन जागा झाला, आणि हेडफोनमध्ये मधमाश्यांची चाळीस पोळी एकदम उठावीत तशी गुणगुण सुरू झाली. तिबेरिऊ खोकला, तर खोकला मधमाश्यांच्या पलीकडून ऐकू आला.

"भारदस्त येतोय आवाज," किरिला म्हणाला.

"मावशी पहाटेचं गाणं म्हणणार आहे. मध नाही काढायचाय."

"मधमाश्याही देवाच्याच," असं म्हणून किरिला दुखावला आणि तिथेच बसून कॉफी प्यायला.

मग तिबेरिऊला जुने लोक आठवले. पूर्वी डोंगरात जाताना बॅटऱ्यांची माळच नेत. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या एकापुढे एक जोडायच्या. तेरा जोडल्या की एकशेसतरा. स्वच्छ, मुकी वीज.

दुकानातल्या बाईने गल्ल्यावरून वर बघितलं. "तेरा? काका, बारा घ्या नाहीतर चौदा. तेरा कोणी घेतं का?"

"मला तेराच लागतात."

"घरात सगळं ठीक ना?"

तिच्याकडे ताज्या नऊच निघाल्या. बाकीच्या चार खालच्या फडताळातून, धूळ झटकून आल्या. माळ झाली. आता पेटी हवी म्हणून तिबेरिऊने ऑरिकाचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला. पत्रा वीज वाहतो हे त्याने चौतीस वर्षांत निदान शंभर जणांना शिकवलं असेल. झाकण बसलं, आत 'चट्ट' झालं, आणि बिस्किटांच्या चित्रातल्या राजकन्येच्या गालातून धूर निघाला. नव्यातल्या तीन बॅटऱ्या गेल्या. त्यांच्या जागी किरिलाने दारावरच्या घंटेतली एक आणि मुलाच्या जुन्या खेळण्यातल्या दोन आणून दिल्या. सगळ्या मिळून व्होल्टमीटरचा काटा कसाबसा शंभराच्या पुढे आला. शंभराखाली गेला की हा व्हॉल्व्ह घसा बसल्यासारखा बोलतो.

"झटका बसत नाही ना त्याचा?" ऑरिकाने विचारलं.

"छे," तिबेरिऊ म्हणाला, त्याच वेळी त्याचं बोट टोकाला लागलं आणि तो भाजलेल्या मिरच्यांच्या परातीत बसला. ऑरिकाने मिरच्या मोजल्या, नवऱ्याला उठवलं आणि लोणच्याच्या कोबीचा प्लास्टिकचा डबा धुऊन त्याच्यापुढे ठेवला. "हा घे. प्लास्टिक आहे. शिकवलं होतंस तूच." कोबीचा वास तिने तीनदा धुतला तरी गेला नाही. तो वास त्या डब्याच्या घराण्यातच होता.

सहा व्होल्टसाठी किरिलाने स्वतःच्या मोपेडची बॅटरी काढून दिली. शनिवारी मासे पकडायला जायचा त्याचा नेम बुडाला, पण तसं त्याने बोलूनही दाखवलं नाही. फक्त जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

आता उरली परवानगी. गावच्या कचेरीतल्या कारकीणबाईंनी फोनवर फॉर्म भरून घेतला. "उघड्यावरचा कार्यक्रम, विजेच्या उपकरणासह. वीज कुठून? इथे दोनच रकाने आहेत. तारेवरची की जनरेटरची?"

"बॅटऱ्यांची."

"तो रकाना नाही. मी 'वीज नाही' लिहिते. आणि कार्यक्रम कोणासाठी? मृतासाठी असेल तर दाखला जोडा. जिवंतासाठी असेल तर कबरस्तान मिळत नाही."

"बाई, ती बारा वाजेपर्यंत मृत आहे."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग बाई म्हणाल्या, "सावेताकाकूंचं का? आधी सांगायचं ना! मला पण बोलावलंय." आणि शिक्का बसल्याचा आवाज आला. म्हणजे सरकारी कागदांप्रमाणे एक न चालणारं यंत्र, विजेशिवाय, एका हयात मयताचं गाणं टिपणार होतं. तिबेरिऊच्या आयुष्यात याहून पक्की परवानगी कधी मिळाली नव्हती.

शनिवारी पहाटेच्या मिनीबसमध्ये तारा लोंबणारा डबा मांडीवर घेऊन तो बसला, तसे शेजारचे दोघे उठून मागे गेले. चालकाने आरशातून बघत गाडी हळू केली. "साहेब, त्यात काय आहे?" तिबेरिऊने उत्तर द्यायच्या आत वास सगळीकडे पोचला होता. "कोबी आहे कोबी!" मागची एक बाई ओरडली. गाडीने सुटकेचा श्वास टाकला आणि दोघेही जागेवर परत आले. आपल्या चौतीस वर्षांच्या कलेला कोबी म्हटल्याचं तिबेरिऊला लागलं, पण बाँबपेक्षा बरं.

मावशीने दारातच त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. काळा रुमाल, इस्त्रीचा झगा, पायात नवे बूट, म्हणजे ज्यांत तिला पुरायचं होतं तेच. "चावतात रे," ती म्हणाली. "बरं झालं आज घालून बघितले."

कबरस्तान घराच्या वरच्या अंगाला. मावशीचा क्रूस तीस वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. पाथरवटाने उत्साहाच्या भरात मृत्यूच्या सालाचे '१९' आधीच कोरून ठेवले होते आणि शतक उलटलं तरी मावशी काही जाईना. शेवटी त्यानेच येऊन ते आकडे सिमेंटने बुजवले आणि जाताना तिच्याकडे असं बघितलं, की तिने त्याला त्या वर्षी नाताळला काही दिलं नाही.

तिबेरिऊने क्रुसापासून दोन हातांवर मायक्रोफोन उभा केला, आपला छोटा रेकॉर्डर त्याला जोडला, डबा गवतात ठेवला आणि मावशीला आणायला खाली गेला. फार तर पंधरा मिनिटं. तेवढ्यात जे व्हायचं ते झालं.

परत येऊन त्याने कळ दाबली. काही नाही. तारा हलवल्या. काही नाही. डबा उघडला. मोजल्या. पुन्हा मोजल्या. बारा.

"इथे कोण आलं होतं?"

शेजारची झांफिराकाकू दानाच्या वस्तू मांडत होती. प्रत्येकाला एक मग, त्यात मेणबत्ती, वर कडबोळ्यासारखा पाव. ती लगेच पुढे आली, आणि तिच्या चेहऱ्यावर काम चोख केल्याचं समाधान होतं.

"मीच. वास आला म्हटलं लोणचं आणलंस, ताटांत वाढते. उघडलं तर या चौकोनी वड्या. आणि किती? तेरा! अरे, शहरात राहून रीत विसरलास? जिवंताला विषम, मेलेल्याला सम. कबरीवर तेरा फुलं तरी कोणी ठेवतं का? ही बिचारी आज मेलेली, आणि तू तिच्यापुढे तेरा ठेवतोस. मी एक काढून बारा केल्या. हाताला झिणझिण्या आल्या, तेव्हाच म्हटलं, हीच ती वाईट."

"काकू," तिबेरिऊ अगदी हळू म्हणाला, "ती कुठे आहे?"

"एक मग कमी पडला होता, तो नस्तासे आला होता ना मेंढ्या घेऊन. त्याला मेणबत्तीबरोबर तीच दिली. सावेताच्या नावाने. त्याला तर आवडली."

मावशीने डोळे मिटले. दानात दिलेली वस्तू म्हणजे संपलं. ती पलीकडच्या जगात त्या माणसाच्या नावावर जमा झाली. ती परत मागणं म्हणजे मेलेल्याच्या ताटातलं उचलणं.

तिबेरिऊने काकूचीच केसांची पिन मागून तुटलेली जागा जोडली. पण गेली होती ती नेमकी ताज्यांतली. काटा शंभराखाली आला. मावशीने हेडफोन लावून "ओ" केलं आणि लगेच काढून ठेवला. "ही मी नाही. ही सर्दी झालेली कोणी बाई आहे." गावच्या दुकानात अशी बॅटरी नव्हती. जो फोन मावशीला नको होता, तो शेवटचा उपाय म्हणून त्याने खिशातून काढला. मावशीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो परत ठेवला.

"दहा वाजलेत," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. पण तिबेरिऊने ओळखलं, ही बाई मुलांना घाबरत नाही, मरणालाही घाबरत नाही. पण गाण्याविना, मुक्यानं जाण्याची तिला भीती वाटते.

सदुसष्टाव्या वर्षी तिबेरिऊ डोंगर चढला. नस्तासेला शोधावं लागलं नाही. वरच्या कुरणातून अकॉर्डियन वाजत होता. मेंढपाळ दगडावर बसला होता, रेडिओ कानाला, चेहरा लग्नाला आल्यासारखा.

"ये इंजिनीअर! ऐक! दोन वर्षं मुका होता हा. ती बॅटरी मिळतच नाही हल्ली. देव सावेताला… म्हणजे ती जिवंत आहे, पण तरी, देव तिचं भलं करो."

तिबेरिऊने धापा टाकत सगळं सांगितलं. नस्तासेचा चेहरा लांब झाला.

"परत? दान परत?"

"मी तुला शहरातून दहा पाठवतो. पैसे घे."

"पैसे? तिच्या आत्म्याचे?" नस्तासे उठून उभा राहिला. "तू शिकलेला माणूस. लाज वाटत नाही?"

वाटत होती. तिबेरिऊ गवतात बसला आणि काहीच बोलला नाही, कारण श्वासच नव्हता. त्याचाच फायदा झाला. अकॉर्डियनचं एक गाणं संपून दुसरं सुरू झालं. नस्तासे टोपी फिरवत राहिला.

"परत नाही देता येत," तो शेवटी म्हणाला. "पण मला दान करता येतं. माझ्याच कोणाच्या तरी नावाने. तसं केलं तर ती माझी वस्तू, माझं दान. चालतं ते."

"मग कर ना!"

"कोणाच्या नावाने? आईबापाचं दर वर्षी करतो. बायकोचं ईस्टरला केलं. सगळे भरल्या हाताने बसलेत तिकडे." त्याने रेडिओ कानावरून खाली घेतला. "एक दिंका सोडून."

दिंका म्हणजे त्याचा भाऊ. दोघांच्या बांधावर अक्रोडाचं झाड होतं. अक्रोड कोणाच्या अंगणात पडतात यावरून ते एकोणीस वर्षं बोलले नाहीत. मग दिंका गेला, त्यालाही अकरा वर्षं झाली. झाड अजून होतं आणि अक्रोड दोन्ही अंगणांत पडत होते.

"अकरा वर्षांत त्याला कोणी एक मग दिला नाही," नस्तासे म्हणाला. "पोरं नव्हती. मी दिला नाही. तिकडे बसला असेल, बाकीच्यांच्या हातांकडे बघत." रेडिओ त्याने पुन्हा कानाशी नेला. "त्याला हे असलं फार आवडायचं. अकॉर्डियन. वेडा होता."

त्याने टोपी काढली. मेणबत्ती खालीच राहिली होती, म्हणून सिगारेटचा लायटर पेटवून तळव्याने वारा अडवला. रेडिओचं मागचं झाकण उघडलं, आणि गाणं अर्ध्यात तुटलं.

"दिंकाच्या नावाने."

दानाला 'आभारी आहे' म्हणायचं नसतं. तिबेरिऊने बॅटरी दोन्ही हातांत घेतली आणि म्हणायचं तेच म्हणाला, "देव त्याला क्षमा करो."

"आणि मला पण," नस्तासे लायटर विझवत म्हणाला. "चल, मी पण येतो. मेंढ्या बघेल कुत्रा."

खाली आले तेव्हा साडेअकरा झाले होते. झांफिराकाकूने तेरावी बॅटरी बसताना बघितली आणि तोंड उघडलं, पण मावशी म्हणाली, "झांफिरा, मी मेलेली आहे, मला चालतंय, तर तुझं काय?" व्हॉल्व्ह तापायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं जेवायला आलेले चाळीस लोक एका जाळीकडे बघत उभे होते. एक कोंबडा आरवला, त्याला कोणीतरी घोंगडीत गुंडाळून घरात नेलं.

मग तिबेरिऊला हेडफोनमध्ये वारा ऐकू आला. गवत ऐकू आलं. मावशीच्या बुटांची चामडी कुरकुर ऐकू आली. तिने एक हात कानामागे नेला, दुसरा क्रुसावर ठेवला, पूर्वेकडे तोंड केलं.

ती गायली. आवाज चिरका होता, मध्ये मध्ये तुटत होता, आणि तुटल्या जागीच जास्त खरा होता. त्यात रडणं नव्हतं. पोरीला लांबच्या गावी पाठवताना आई वाट समजावून सांगते, इथे वळ, तिथे थांबू नकोस, तसं ती स्वतःलाच सांगत होती. एका कडव्यानंतर बायका न सांगता मागून सूर धरू लागल्या. त्यांना शब्द येत नव्हते, पण सूर कुठे जातो ते माहीत होतं. नस्तासे टोपी हातात धरून उभा होता. तिबेरिऊचे डोळे काट्यावर होते आणि काटा नीट दिसत नव्हता. हे काट्याचं दुखणं नव्हतं.

गाणं संपलं. शेवटचा श्वाससुद्धा मायक्रोफोनने घेतला. मग तिबेरिऊने रेकॉर्डर थांबवला आणि हेडफोन मावशीच्या रुमालावरून चढवला.

तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, मान थोडी तिरपी करून, परक्या गावच्या बाईचं ऐकावं तसं.

"चांगली गायलीय," ती म्हणाली. "तिसऱ्या कडव्यात श्वास चुकला. पण चांगली." मग तिने तिबेरिऊचा हात धरला. "हे किती टिकतं रे?"

"आपण सगळे गेलो तरी टिकेल, मावशी. मी दोन ठिकाणी ठेवतो. एक किरिलाकडे."

"म्हणजे मी उद्या गेले तरी चालेल?"

"चालेल."

"आणि दहा वर्षांनी गेले तरी?"

"तरीही."

देवळात बाराची घंटा सुरू झाली. मावशीने हेडफोन काढला, खाली बसली, आणि सगळ्यांसमोर ते नवे बूट पायातून ओढून काढून गवतात ठेवले. मग मांडलेल्या टेबलाच्या टोकाला जाऊन बसली आणि पहिलं ताट स्वतःकडे ओढलं.

"झांफिरा," ती तोंडात घास असताना म्हणाली, "सोमवारी माझ्या कोंबड्या बाजारात नेणार होतीस ना? राहू दे. अजून अंडी देतात त्या."